वाळवायची घाई करू नका: सॉइल लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या लॅबमध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी एकच काम देतो. पिशवी उघडा आणि वास घ्या. बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. ऐरोली असो, वाशी असो की उलवे, खाडीच्या कडेच्या बोअरमधून (तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या भोकातून) आलेल्या त्या काळपट राखाडी मातीला बऱ्याचदा सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आला की दोन गोष्टी ठरल्या. एक, ही खाडीची चिकणमाती आहे, जिला सगळे मरीन क्ले म्हणतात. दोन, ही पिशवी उन्हात, पंख्याखाली किंवा ओव्हनजवळ ठेवायची नाही.

दुसरी गोष्ट मी मार खाऊन शिकलो. डिप्लोमा करून ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने रबाळ्याला जायला लागलो तेव्हा मला सॉइल टेस्टिंग येतं असं मला वाटत होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलला पाच जणांचा गट असायचा. एक जण टेस्ट करायचा, चार जण वही उतरवायचे. मी त्या चारांतला. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात खाडीकडच्या एका साइटची सॅम्पल्स आली, घाई होती, म्हणून मी ती रात्रभर ओव्हनमध्ये टाकली, सकाळी कुटली, चाळली, पाणी घालून लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते ती टक्केवारी) काढली. आली ४९. वर्गीकरण सीआय, म्हणजे मध्यम प्लॅस्टिसिटीची (न तुटता आकार घेण्याच्या गुणाची) क्ले. साहेबांनी कागद पाहिला आणि फक्त एवढंच विचारलं, "ओलं सॅम्पल उरलंय का?" उरलेल्या ओल्या गोळ्यावर त्यांनी माझ्याकडूनच पुन्हा टेस्ट करून घेतली. आली ६४. सीएच, म्हणजे जास्त प्लॅस्टिसिटीची क्ले. माती तीच, डबा तोच, हात माझेच. फरक ओव्हनचा.

पुढचं सगळं त्या दिवसाच्या उजेडात वाचा.

आधी आपली जमीन समजून घ्या

ठाणे आणि नवी मुंबईत तुमच्या टेबलावर येणारी माती ढोबळमानाने चार प्रकारची असते. सगळ्यात वर भराव: मुरूम, दगड, विटांचे तुकडे, कधी कधी प्लास्टिकच्या पिशव्याही. त्याखाली, खाडीकडे असाल तर, मऊ मरीन क्ले. त्याखाली पिवळसर तपकिरी घट्ट माती आणि मुरूम, म्हणजे बेसॉल्ट जागच्या जागी कुजून झालेला थर. आणि शेवटी बेसॉल्ट खडक. घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या उतारावर गेलात तर मधली मरीन क्ले गायब होते आणि दोन-चार मीटरवर मुरूम लागतो. बाळकुम-कोलशेतला खाडीच्या बाजूला सरकलात की ती परत भेटते.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवं शहर वसायला लागलं, तेव्हा खाडीकाठची पुष्कळ जमीन खाजण आणि मिठागरांची होती. तिच्यावर भराव टाकून नोड उभे राहिले. म्हणून एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतली बोअरं वेगळी निघाली तर ड्रिलरवर लगेच संशय घेऊ नका. जमीनच तशी असू शकते.

हाताशी काय काय हवं

कागद: साइटचा बोअरलॉग (कोणत्या खोलीवर काय लागलं याची नोंद), सॅम्पलची यादी, कोणत्या सॅम्पलवर कोणती टेस्ट हे सांगणारं शेड्यूल (ते कन्सल्टंट देतो, दिलं नसेल तर लेखी मागा, फोनवर सांगितलेलं चालत नाही), वजनकाटा, ओव्हन, प्रूव्हिंग रिंग (भार मोजणारी कडी) आणि डायल गेजची (बारीक सरक मोजणाऱ्या घड्याळाची) कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, आणि आयएस २७२० या माती तपासणीच्या भारतीय मानकाचे भाग. भाग बरेच आहेत, पण रोज लागणारे मोजके: भाग २ ओलाव्याचा, भाग ३ स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा (मातीचे कण पाण्याच्या किती पट जड), भाग ४ चाळणी आणि हायड्रोमीटरचा (कण पाण्यात किती वेगाने बसतात त्यावरून बारीक कणांचा आकार), भाग ५ लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिटचा, भाग १० यूसीएसचा (बाजूने आधार न देता दाबून मातीची ताकद), भाग १३ डायरेक्ट शिअरचा (माती सरकवून तिची ताकद), भाग १५ कन्सॉलिडेशनचा (भाराखाली माती किती दबते), भाग ४० फ्री स्वेलचा (माती पाण्यात किती फुगते). वर्गीकरणासाठी वेगळं पुस्तक, आयएस १४९८:१९७०.

रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह टाकायचं असेल तर ती विशिष्ट टेस्ट लॅबच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. लॅबला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक टेस्टला आहे असं नसतं. ही गल्लत नव्यांपेक्षा जुनेच जास्त करतात.

बाकी सामान लॅबमध्ये असतंच. स्वतःचं म्हणून एक परमनंट मार्कर, एक लवचीक सुरी आणि एक कच्ची वही ठेवा. वहीत रीडिंग पेनाने लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा. व्हाइटनर लावलेली वही कोणी ऑडिटर मान्य करत नाही.

१. सॅम्पल आत घेताना

टेम्पो आला की सगळ्यांना सॅम्पल उतरवून मोकळं व्हायचं असतं. तुम्ही थांबा. प्रत्येक सॅम्पलवर बोअर नंबर, खोली, तारीख आणि प्रकार आहे का ते पाहा आणि बोअरलॉगशी ताडून घ्या. बोअरलॉगवर ६.०० ते ६.४५ मीटर आणि पिशवीवर ९.०० असेल तर तिथल्या तिथे साइटला फोन लावा. दोन दिवसांनी ड्रिलरला काहीही आठवत नाही.

प्रकार दोन. एसपीटी म्हणजे ठोके मोजून जमिनीची घट्टता पाहण्याची साइटवरची टेस्ट; तिच्या स्प्लिट स्पूनमधून (उभ्या दोन भागांत उघडणाऱ्या नळीतून) आलेलं सॅम्पल पिशवीत असतं. त्याची रचना मोडलेली असते, कारण ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून ते काढलेलं आहे. यावर ओलावा, चाळणी, लिमिट्स करा. ताकदीच्या टेस्ट नाहीत. दुसरं यूडीएस, म्हणजे रचना न मोडलेलं (अनडिस्टर्ब्ड) सॅम्पल, पातळ भिंतीच्या नळीतलं, दोन्ही तोंडांना मेण लावलेलं. ताकद आणि दबण्याच्या टेस्ट फक्त यावर. शेड्यूलमध्ये कोणी एसपीटीच्या पिशवीवर यूसीएस मागितली असेल तर करून देऊ नका, कळवा.

यूडीएसच्या नळ्या सावलीत ठेवा, वरची बाजू वर ठेवून उभ्या. मेणाला चीर असेल तर त्याच दिवशी पुन्हा मेण ओता. आणि नळी महिनोन्‌महिने पडू देऊ नका. खाडीच्या खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं, माती आतून नळीला धरते, मग ती बाहेर काढताना तिची जी ओढाताण होते त्यानंतर तिला अनडिस्टर्ब्ड म्हणणं धाडसाचं आहे.

माती नळीतून काढताना ती ज्या दिशेने आत शिरली त्याच दिशेने पुढे ढकला. उलटी ढकललीत तर एकदा घासलेली माती दुसऱ्यांदा उलट घासली जाते. एक्स्ट्रूडरला (नळीतून माती ढकलून काढणाऱ्या यंत्राला) नळी लावताना आमचे मामा, म्हणजे लॅबचे जुने हेल्पर, नळीवरचा बाण मोठ्याने म्हणून दाखवतात: "वर... वर." मला आधी हसू यायचं. आता मीही म्हणतो.

२. मशीनआधी हात

फॉर्म भरण्याआधी मातीचं वर्णन शब्दांत लिहा. रंग, वास, शिंपल्यांचे तुकडे, मुळं, खडे, बोटाने दाबल्यावर किती आत जाते. मग तीन सोप्या परीक्षा. ओला गोळा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने आपटा. पृष्ठभाग चकाकला आणि दाबल्यावर ती चकाकी पटकन गेली तर सिल्ट (क्लेपेक्षा जाड, रेतीपेक्षा बारीक माती) जास्त. वाळलेला खडा बोटांत चिरडून पाहा. सहज भुगा झाला तर सिल्ट, फुटता फुटत नसेल तर क्ले. तिसरं, दोरी वळताना ती चिवट आहे की लगेच तुटते ते बघा.

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि शेवटी आकडे आले की तेच तुम्हाला वाचवतं. हाताने सीएच वाटणाऱ्या मातीचा आकडा एमएल (कमी प्लॅस्टिसिटीची सिल्ट) आला, तर कुठेतरी डबा बदललाय.

एक स्थानिक सापळा: बोअर करताना भिंत ढासळू नये म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या क्लेचं पाणी वापरतात. सॅम्पलच्या बाहेरच्या सालीवर ते लेपासारखं बसतं. सोडियम बेंटोनाइटची लिक्विड लिमिट तीनशेच्या पुढे असते, त्यामुळे थोडंसं मिसळलं तरी आकडा फुगतो. सुरीने बाहेरची साल काढून टाका, मधला गाभाच घ्या.

३. कामांचा क्रम लावा

क्लायंटचा पहिला फोन "रिपोर्ट कधी?" असाच येतो. उत्तर देण्याआधी वेळा माहीत असू द्या. ओलाव्याला एक दिवस. लिमिट्सना दोन ते तीन, कारण चिकट मातीचा लगदा रात्रभर मुरू द्यावा लागतो. हायड्रोमीटरला भिजवणं धरून दोन-तीन. कन्सॉलिडेशनला आठ-दहा दिवस, कारण प्रत्येक वजन २४ तास ठेवून मग दुप्पट करायचं असतं. ते पहिल्या दिवशी लावा. बाकीच्या टेस्ट त्याच्या सावलीत होऊन जातात. मी सुरुवातीला उलटं करायचो, सोपं आधी. मग सगळं तयार आणि एका कन्सॉलिडेशनसाठी रिपोर्ट अडकलेला.

नळी उघडली की त्याच बैठकीत वरखाली दोन्हीकडून ओलाव्याची सॅम्पल्स, यूसीएसचे नमुने, कन्सॉलिडेशनची रिंग आणि लिमिट्ससाठी ओला गोळा, सगळं कापून घ्या. गोळा दुहेरी पिशवीत बांधा. नळी अर्धी वापरून उद्यावर टाकली की उद्या तिचं तोंड वाळलेलं असतं.

४. ओलावा

सगळ्यात सोपी टेस्ट, म्हणून सगळ्यात निष्काळजीपणे केलेली. झाकणासह रिकामा डबा तोला, माती टाका (बारीक मातीला किमान २५ ग्रॅम), लगेच झाकण लावून तोला, झाकण काढून १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. साधारण २४ तास. बाहेर काढून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करा, मग तोला. पावसाळ्यात डेसिकेटर टाळायचा मोह होतो. जुलैमध्ये उघड्यावर गार केलेली सुकी क्ले हवेतलं पाणी डोळ्यांदेखत ओढते, काट्यावरचा आकडा सरकत राहतो. डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर आधी ते तापवून घ्या.

झाकण आणि डबा एकाच नंबरचे आहेत ना, तेही पाहा. हसू नका, यावरून अख्ख्या बॅचा परत केल्या आहेत.

खाडीच्या क्लेचा ओलावा ८०, ९०, कधी १०० टक्क्यांच्याही वर येतो. नवीन मुलं घाबरून गणित पुन्हा करतात. गणित बरोबर आहे. आपण पाण्याचं वजन सुक्या मातीच्या वजनाने भागतो, एकूण वजनाने नाही. मातीपेक्षा पाणीच जास्त असेल तर आकडा शंभराच्या वर जाणारच.

५. चाळणी आणि हायड्रोमीटर

मुरूम चाळताना सगळ्यात मोठा शत्रू तुमचा हात. कुजलेल्या बेसॉल्टचे कण वरून खड्यासारखे दिसतात, पण लोखंडी बत्त्याने ठोकले की पीठ होतात. मग रिपोर्टमध्ये रेती कमी, सिल्ट जास्त, आणि ते सिल्ट तुम्हीच तयार केलेलं. ढेकळं रबरी किंवा लाकडी बत्त्याने फक्त सुटी करा. दाबून फुटला तर ढेकूळ, जोर लावून फोडावा लागला तर कण.

बारीक भाग असलेली माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊनच चाळा. कोरडं चाळलं तर खड्यांना चिकटलेली माती खड्यांतच मोजली जाते. धुण्याचं पाणी खालून स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि चाळणीवर बोटाने घासू नका. ७५ मायक्रॉनची जाळी महाग आहे आणि एकदा ढिली पडली की कोणाच्या लक्षात येत नाही.

हायड्रोमीटरसाठी एक लिटर पाण्यात ३३ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घालून द्रावण करा. त्यातलं १०० मिलिलिटर मातीला वापरायचं. द्रावण जुनं झालं की काम करत नाही, म्हणून बाटलीवर तारीख घाला. रीडिंग अर्धा, एक, दोन, चार मिनिटं, मग वाढत्या अंतराने २४ तासांपर्यंत. पहिल्या चार मिनिटांत फोन उचलू नका.

खाडीची माती इथे खोडी काढते. तिच्यातलं मीठ कणांना एकत्र गोळा करतं. जारमध्ये दूध फाटल्यासारखं दिसायला लागलं, वर निवळ पाणी आणि खाली पुंजके झपाट्याने बसताहेत, तर टेस्ट बंद करा. मीठ धुऊन काढून पुन्हा सुरू करा. तसंच पुढे रेटलंत तर क्लेचे कण सिल्ट म्हणून मोजले जातील. शिंपल्यांचा चुरा आणि सेंद्रिय भाग असेल तर भाग ४ मध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया दिली आहे. ती हातमोजे आणि गॉगल लावूनच करा. पेरॉक्साइड टाकल्यावर फेस उतू जातो, म्हणून बीकर मोठा घ्या.

६. लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट

या टेस्टची मूळ कल्पना शेतीच्या मातीवर काम करणाऱ्या अल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनतज्ज्ञाची. ती इंजिनिअरांच्या कामाची करून दिली आर्थर कासाग्रांदेंनी. आपण ज्या पितळी वाटीचा खटका फिरवतो ती त्यांचीच.

वाळवण्याचा मुद्दा इथे येतो. कॉलेजात शिकवतात: माती हवेत वाळवा, कुटा, ४२५ मायक्रॉनमधून चाळा, पाणी घाला. मुरमाला आणि घट्ट पिवळ्या मातीला हे चालतं. खाडीच्या क्लेला नाही. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्याचा थर अंगावर घेऊन बसलेले असतात. तो थर उडाला की कण एकमेकांना चिकटतात आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. शिळ्या चपातीचा कुस्करा कितीही भिजवा, पुन्हा कणीक होत नाही, तसं. सेंद्रिय भाग असेल तर फरक आणखी मोठा. अमेरिकन एएसटीएम डी २४८७ मध्ये तर याच फरकावरून माती ओळखतात: ओव्हनमध्ये वाळवलेल्या मातीची लिक्विड लिमिट न वाळवलेल्या मातीच्या ०.७५ पटीपेक्षा कमी आली की ती सेंद्रिय.

म्हणून ओल्या गोळ्यापासून सुरू करा. शिंपले, मुळं, खडे हाताने वेचा. रेती जास्त वाटली तर डिस्टिल्ड पाण्याने ४२५ मायक्रॉनमधून धुऊन घ्या आणि पाणी बसू द्या. मग अडचण उलटी होते, माती फार ओली असते. काचेवर पसरा, सुरीने सतत उलथापालथ करत हवेवर हळूहळू घट्ट करा. कडेला एकही खपली वाळू देऊ नका. कंटाळवाणं काम आहे, गप्पा मारत करा.

वाटीचं उपकरण रोज तपासा. वाटी १० मिलिमीटर उचलली जाऊन पडायला हवी. खाचेच्या हत्याराच्या मुठीचा गेज त्यासाठीच असतो. स्क्रू ढिला होऊन उंची ११ झाली तर ठोके कमी लागतात आणि लिमिट खोटी येते. वाटीत रोज खाच पडून चर झाला असेल किंवा हत्याराचं टोक झिजलं असेल तर बदलून मागा. मागायला लाजू नका.

खटका सेकंदाला दोन फेऱ्यांच्या वेगाने. खाच तळाशी १२ मिलिमीटर लांबीत मिटली की थांबा. कडा घसरून मिटली असेल तर ते रीडिंग टाका. साधारण १५ ते ३५ ठोक्यांच्या मधले किमान चार बिंदू घ्या, कोरड्याकडून ओल्याकडे जात. ठोके लॉगरिदमिक अक्षावर आणि ओलावा साध्या अक्षावर मांडा, सरळ रेघ काढा आणि २५ ठोक्यांवर वाचा. चारातला एक बिंदू रेघेपासून लांब पडला तर रेघ वाकवू नका, तो बिंदू पुन्हा करा. कोन पेनेट्रोमीटर असेल तर २० मिलिमीटर शिरकावाचा ओलावा वाचायचा. मला तो जास्त आवडतो, कारण त्यात करणाऱ्याचा हात कमी येतो.

प्लॅस्टिक लिमिटसाठी काचेवर ३ मिलिमीटर जाडीची दोरी वळा. ३ मिलिमीटरला ती तुटायला लागली की तो ओलावा. नवीन मुलं दोरी ५ मिलिमीटरला तुटली तरी डब्यात भरतात, कारण हात दुखतो. शेजारी ३ मिलिमीटरची सळई ठेवा आणि तिच्याशी ताडा. माती कमी असते, म्हणून काटा ०.०१ ग्रॅमचा.

७. नाव ठरवणं

आयएस १४९८ ची पहिली फाटाफूट ७५ मायक्रॉनवर. निम्म्याहून जास्त माती त्यातून खाली गेली तर बारीक, नाहीतर जाडी. बारीक मातीत लिक्विड लिमिट ३५ पेक्षा कमी म्हणजे एल, ३५ ते ५० आय, ५० च्या वर एच. क्ले की सिल्ट हे ए-रेषा ठरवते: पीआय = ०.७३ × (लिक्विड लिमिट − २०). पीआय म्हणजे लिक्विड लिमिट वजा प्लॅस्टिक लिमिट. बिंदू रेषेच्या वर असेल तर क्ले (सी), खाली असेल तर सिल्ट (एम). हा आय आपला भारतीय. परदेशी पुस्तक पाहून सॅम्पलला नुसतं एल-एच करणाऱ्यांची गडबड इथे होते.

समजा, खाडीच्या सॅम्पलची लिक्विड लिमिट ७८, प्लॅस्टिक लिमिट ३४. पीआय ४४. ए-रेषा ०.७३ × ५८ म्हणजे ४२.३. बिंदू वर, म्हणून सीएच. पण किती वर? जेमतेम दीड-पावणेदोन. प्लॅस्टिक लिमिट दोनाने चुकली असती तर बिंदू खाली आला असता. रेषेवर किंवा तिला चिकटून पडणाऱ्या मातीला आयएस १४९८ दुहेरी चिन्ह देतो, सीएच-एमएच. आपल्या खाडीची माती पुष्कळदा या रेषेच्या आसपासच घुटमळते, त्यामुळे दुहेरी चिन्ह लिहायला कचरू नका.

याच सॅम्पलचा नैसर्गिक ओलावा ८१ असेल तर लिक्विडिटी इंडेक्स काढा: ८१ वजा ३४, भागिले ४४, म्हणजे १.०७. एकाच्या वर. जमिनीत ती शांत बसलेली आहे, ढवळली की पातळ होईल. डिझाइन करणाऱ्याला नावापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो, म्हणून तो तक्त्यात टाका.

आता मुरूम. ४.७५ मिलिमीटरच्या वर ३८ टक्के, ४.७५ ते ७५ मायक्रॉन ४४, त्याखाली १८. जाडी माती, आणि जाड्या भागात रेती जास्त, म्हणून एस. बारीक भाग १२ टक्क्यांच्या वर, म्हणजे दाण्यांचा ग्राफ नावाला लागत नाही, लिमिट्स लागतात. लिक्विड ४६, प्लॅस्टिक ३१, पीआय १५; ए-रेषा १९. खाली, म्हणून एसएम, सिल्टी सँड. साइटवर सगळे "मुरूम" म्हणतील, रिपोर्टमध्ये एसएम लिहा आणि वर्णनाच्या रकान्यात मुरूमही लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही हवं असतं.

बारीक भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर दाण्यांच्या ग्राफवरून डब्ल्यू (सगळ्या आकारांचे दाणे नीट मिसळलेले) की पी (तसे नसलेले) ते ठरवायचं. सीयू आणि सीसी हे त्या ग्राफवरून काढायचे दोन आकडे. डब्ल्यूसाठी ग्रॅव्हलला सीयू ४ च्या वर, रेतीला ६ च्या वर, आणि दोघांना सीसी १ ते ३ मध्ये. ५ ते १२ च्या मध्ये दुहेरी चिन्ह.

८. ताकद आणि दबणं

यूसीएसचा नमुना ३८ मिलिमीटर व्यास, ७६ उंची. कोहेजन (मातीची धरून राहण्याची ताकद) म्हणजे मिळालेल्या ताकदीच्या निम्मं. हे निम्मं करायला विसरलेला रिपोर्ट मी पाहिला आहे, पाया त्याच्या दुप्पट भरवशावर उभा राहिला असता. क्ले इतकी मऊ असेल की नमुना उभाच राहत नाही, तर ओढूनताणून उभा करू नका. भाग ३० मधली लॅब व्हेन शिअर (मातीत पाती फिरवून ताकद मोजण्याची टेस्ट) करा.

प्रूव्हिंग रिंगचा फॅक्टर चालू सर्टिफिकेटवरून घ्या, भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या कागदावरून नाही. एककांचंही भान ठेवा. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण ९८ किलोपास्कल, म्हणजेच १० टन प्रति चौरस मीटर. जुने इंजिनिअर टनात बोलतात, सॉफ्टवेअर किलोपास्कलमध्ये.

कन्सॉलिडेशनची रिंग ६० मिलिमीटरची, २० जाड. भरताना कडेला पोकळी राहिली तर सुरुवातीचं सगळं दबणं त्या पोकळीचंच असतं. आणि सेलमधलं पाणी रोज बघा. शनिवार-रविवारी ते उडून जातं आणि सोमवारी तुमचा नमुना भेगाळलेला मिळतो.

खाडीजवळ पीएच, क्लोराइड आणि सल्फेट शेड्यूलमध्ये नसले तरी विचारून घ्या. पायाच्या काँक्रीटला कोणतं सिमेंट वापरायचं ते त्यावर ठरतं.

९. भरावाची माती आली तर

प्रॉक्टर (ठोकल्यावर माती किती घट्ट होते), सीबीआर (रस्त्याखाली ती किती भार पेलते) आणि फ्री स्वेल. प्रॉक्टर हलका की जड ते लेखी विचारा: हलक्याला २.६ किलोचा हातोडा आणि तीन थर, जडला ४.९ किलो आणि पाच थर; उत्तरं वेगळी येतात. सीबीआरला चार दिवस भिजवण्याचे धरा. फ्री स्वेलला १०-१० ग्रॅम माती, एका जारमध्ये पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेल हल्ली मिळवणं हीच खरी टेस्ट आहे.

१०. रिपोर्ट सोडण्यापूर्वी

एका बोअरचे सगळे आकडे एका उभ्या तक्त्यात खोलीनुसार मांडा आणि वरून खाली वाचा. ओलावा ९० असलेल्या थराला एसपीटीचा एन (ठोक्यांची संख्या) ३० दिसला, किंवा मरीन क्लेची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.९ आली, तर थांबा. चाळणीच्या टक्क्यांची बेरीज १०० होते का, प्लॅस्टिक लिमिट लिक्विड लिमिटपेक्षा मोठी तर नाही, एकाच खोलीच्या दोन टेस्टमध्ये ओलावा जुळतो का, हे टाइप करणाऱ्यावर सोपवू नका. मागच्या रिपोर्टची फाइल कॉपी करून नवीन आकडे भरताना जुन्या साइटचं नाव राहून जातं, तेही शोधा.

सॅम्पल तयार कसं केलं ते एका ओळीत लिहा: "लिमिट्स नैसर्गिक ओलाव्यापासून केल्या, वाळवल्या नाहीत." दुसऱ्या लॅबचा आकडा वेगळा आला की पहिला प्रश्न यावरच येतो.

उरलेली माती क्लायंटशी ठरलेल्या मुदतीपर्यंत फेकू नका. पिशवीत रिपोर्ट नंबरची चिठ्ठी घालून तोंड बांधा, बाहेर मार्करने तोच नंबर घाला आणि ओल्या सॅम्पलची पिशवी कोरड्यांच्या रॅकवर ठेवू नका. तो रॅक ओव्हनला लागून असतो.